दुसऱ्या डोसची सोय आधी, पहिला डोस मग : ठाण्याच्या पाड्यांवर कुटुंब नियोजन सेवा वाढवताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. तेव्हापासून ‘कुटुंब नियोजनात आता करायचं काय उरलंय’ हा सूर बैठकांतून ऐकू येतो. उरलंय ते या आकड्याच्या पोटात दडलं आहे. याच पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर होत्या, तर पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के. म्हणजे आपली सगळी मदार बाईच्या ऑपरेशनवर. पाळणा थांबवायची सोय झाली, पण तो लांबवायची सोय पाड्यावर पोचलेली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. तिथून लोकलने अडीच तासांवर असलेल्या कसाऱ्याच्या आतल्या पाड्यांवर आजही वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने बाळंतपणं होतात. पहिलं मूल अंगावर पीत असतानाच दुसऱ्याचे दिवस राहतात, आणि रक्त भरून यायला बाईला उसंतच मिळत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका, गटप्रवर्तक, आशाताई आणि या भागात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहीत आहे. डोळ्यांसमोर शहापूर आणि मुरबाड तालुके आहेत: ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी वस्त्या, भातसा-तानसाच्या पाणलोटातले विखुरलेले पाडे, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबं. माझं म्हणणं एकच आहे. अंतरा या दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या पहिल्या डोसचा आकडा मोहिमेत कुणीही गाठतं. दुसरा डोस, गोळ्यांचं पुढचं पाकीट, तांबीची (गर्भाशयात बसवायच्या कॉपर टीची) तपासणी आणि बाईने मागितल्या दिवशी तांबी काढून देणं, ही व्यवस्था आधी लावावी आणि मगच पहिला डोस द्यावा.

नोंदवहीला चार रकाने जोडा

आशाताईंकडे जननक्षम जोडप्यांची नोंदवही असतेच. तिच्यात नाव, वय, मुलं, वापरत असलेलं साधन एवढं मिळतं. नियोजनाला ते पुरत नाही. आणखी चार रकाने आखून घ्या. पहिला: सगळ्यात लहान मूल किती महिन्यांचं आहे. दुसरा: तिला स्वतःला काय हवंय, म्हणजे इतक्यात नको, कधीच नको की आता हवंय. तिसरा: कुटुंब भट्टीवर जातं का, कुठल्या भागात, आणि कधी निघतं. चौथा: पुढची तारीख. फोन नंबर लिहिताना तो कुणाचा आहे हेही लिहा. नवऱ्याच्या किंवा दिराच्या फोनवर ‘इंजेक्शनची तारीख झाली’ असा निरोप गेला आणि घरात तिने काही सांगितलेलं नसेल, तर तिला मार बसू शकतो.

ही माहिती पाडावार भरा. महसुली गावाची बेरीज दिसायला चांगली असते, पण गावठाणातली वीस कुटुंबं सेवा घेतात आणि ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतली एकही घेत नाही, हे त्या बेरजेत दिसत नाही. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता दिवसाला वाडीतून कोण आलं नाही, ते आधी बघा. कामाची सुरुवात तिथूनच करायची.

कुठे काय मिळतं, आणि परतीची एसटी कधी

निरोध, माला-एन ही हार्मोनची रोजची गोळी, छाया ही आठवड्याची गोळी, तातडीची गोळी आणि गर्भतपासणीचा निश्चय संच आशाताईंकडे आणि उपकेंद्रात असायला हवा. अंतराचा पहिला डोस डॉक्टरांनी तपासून द्यायचा असतो, पुढचे डोस प्रशिक्षित सेविका देऊ शकते. तांबीचं प्रशिक्षण झालेली सेविका असेल तर तांबीही उपकेंद्रात बसवता येते. ऑपरेशन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. हा सगळा तक्ता माणसांच्या आणि वारांच्या हिशेबाने एका कागदावर लिहून काढा, कारण प्रशिक्षित सेविका बदलून गेली की तांबीची सेवा कागदावर चालू राहते आणि प्रत्यक्षात बंद पडते.

मग एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. सकाळच्या गाडीने आलेली बाई तपासून, डोस घेऊन दुपारच्या गाडीने घरी पोचली पाहिजे. मुक्काम पडणार असेल तर ती येणार नाही, आणि आली तर घरी उत्तरं द्यावी लागतील. पहिल्या डोसचा वार आठवडे बाजाराला जोडून घेतला तर तिला वेगळं कारण सांगावं लागत नाही, मजुरीचा वेगळा खाडाही पडत नाही. डॉक्टर त्या वारी बैठकीला जाणार असतील तर निरोप आदल्या दिवशी वाडीत पोचलाच पाहिजे. एक फुकट हेलपाटा पडला की ती बाई पुन्हा येत नाही, आणि तिच्या शेजारच्या चार जणीही येत नाहीत.

साठा

कुटुंब नियोजन साधनांच्या साठ्यासाठी २०१७ पासून संगणकीय व्यवस्था आहे. मागणी तिच्यातूनच करा, पण आकडा आपल्या नोंदवहीतून काढा. समजा, केंद्राच्या हद्दीत चाळीस जणी अंतरावर आहेत. तिमाहीला चाळीस डोस त्यांचे. नव्या येणाऱ्या दहा धरल्या तर पन्नास. त्यावर निम्मे राखीव, म्हणजे पंचाहत्तर. साठा कमी असेल तर जुन्या चाळीस जणींचे डोस बाजूला काढून ठेवा आणि नव्यांना तोवर दुसरं साधन द्या. नव्या नोंदी वाढवण्यासाठी जुन्यांचा डोस वापरायचा नाही. माझ्या लेखी हा नियम बाकी सगळ्यापेक्षा मोठा आहे.

सांगायचं काय, आणि कसं

पाड्यावर साधन सोडून देण्याचं मुख्य कारण त्रास हे नसतं, न सांगितलेला त्रास हे असतं. अंतरा घेतल्यावर पहिले काही महिने अंगावरून मधूनमधून जातं, कधी जास्त दिवस जातं, आणि पुढे पुष्कळ जणींची पाळी थांबते. औषधाचा तो अपेक्षित परिणाम आहे. पण पाळी आली नाही की ‘रक्त पोटात साठतंय’ अशी धास्ती बसते, सासूबाई भगताकडे नेतात आणि दुसरा डोस राहून जातो. म्हणून हे बोलणं सुई टोचण्याआधी झालं पाहिजे. साधारण असं:

“हे बघ, हे इंजेक्शन घेतलंस की पाळी पहिल्यासारखी येणार नाही. मधेच डाग पडतील. सहा-आठ महिन्यांनी कदाचित येणारच नाही.”

“मग ते रक्त जातं कुठं, ताई?”

“दर महिन्याला पिशवीत जो थर तयार होतो, तो या औषधाने पातळच राहतो. तयारच झालं नाही तर साठणार काय? इंजेक्शन बंद केलंस की काही महिन्यांनी पाळी परत येते.”

“आनि मूल?”

“तेही राहतं. पण लगेच नाही, शेवटच्या सुईनंतर सात-दहा महिने लागतात. पुढच्या वर्षी हवंय असं मनात असेल तर आत्ताच सांग, मग दुसरं काही बघू.”

हे शेवटचं वाक्य गाळायचं नाही. मूल व्हायला उशीर लागतो हे आधी न कळलेल्या एकीच्या बाबतीत ‘इंजेक्शनने वांझ केलं’ अशी बातमी पसरली, तर त्या पाड्यावर वर्षभर कुणी हात पुढे करणार नाही.

टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, हेही सांगा. मजुरी करून अंग दुखतं म्हणून संध्याकाळी गरम फडक्याने शेकण्याची सवय घरोघर आहे, आणि त्याने औषध लवकर शोषलं जातं. अंतराची पुढची तारीख तीन महिन्यांनी असते, पण दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत डोस चालतो. कार्डावर तिन्ही तारखा लिहा: कधीपासून, नेमकी, आणि कुठवर. १० ऑगस्टला पहिला डोस असेल तर २७ ऑक्टोबरपासून, १० नोव्हेंबर, आणि ८ डिसेंबरपर्यंत. वाचता येत नसेल तर अमावास्या, पौर्णिमा किंवा जवळचा सण धरून सांगा.

छाया ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात हार्मोन नाहीत, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. रविवार-बुधवार अशी जोडी ठरली की पुढे फक्त रविवार उरतो. सुरुवातीला पाळी लांबते, कमी जाते, हे इथेही आधीच सांगायचं. पाळी लांबली की निश्चय संचाने तपासणी करून द्या, म्हणजे भीतीने गोळी सुटत नाही. गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त खंड पडला तर नव्याने सुरुवात.

माला-एन मात्र सहा महिन्यांच्या आतलं बाळ पाजणाऱ्या आईला देऊ नये. क्षयरोगाच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनने या गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून तिला स्वतःला क्षयाचा उपचार चालू आहे का हे विचारायलाच हवं.

“अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत” हे घरोघर ऐकायला मिळतं. ते तीन अटींवर खरं आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवस-रात्र फक्त आईचं दूध, आणि पाळी परत आलेली नाही. यातली एक अट मोडली की भरवसा संपला. सासूबाईंना खोटं पाडू नका. त्यांचं खरं आहे म्हणा आणि अटी सांगा.

बाळंतपणाच्या आधीच ठरवा

प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. बाई रुग्णालयात असतेच, वेगळा हेलपाटा नाही. पण संमती कळा सुरू असताना घ्यायची नसते. त्या वेळी बाई कशालाही मान हलवते आणि घरी आल्यावर ‘मला न विचारता बसवली’ असं म्हणते, आणि तिचं म्हणणं खरंच असतं. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला बोला, तांबी हातात घेऊन दाखवा, तिचा होकार किंवा नकार माता-बाल कार्डावर लिहा.

दुसरी अडचण आपल्या जिल्ह्याची खास आहे. जोखमीची बाळंतपणं शहापूर-मुरबाडहून पुढे उल्हासनगर, कळवा, ठाण्याला पाठवली जातात. तिथे तांबी बसली तरी घरी परतलेल्या कागदावर ती नोंद गावातल्या सेविकेच्या नजरेस पडेलच असं नाही. म्हणून बाळंतीण घरी आल्यावरच्या पहिल्या भेटीत आशाताईंनी घरी सोडतानाचा कागद मागून घ्यायचा, त्याचा फोटो सेविकेला पाठवायचा आणि सहा आठवड्यांच्या तपासणीची तारीख तिथेच लिहायची. कॉपर टी ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. कुठली बसवली हे तिला माहीत हवं.

आणि तांबी काढायची मागणी आली तर त्याच दिवशी काढा. ‘अजून थोडे दिवस बघ’ म्हणून परत पाठवायचं नाही, नवऱ्याला घेऊन ये म्हणायचं नाही. काढून मिळते याची खात्री झाली की बसवायला बायका येतात. हे मी अनेक पाड्यांवर पाहिलं आहे.

भट्टीचं कॅलेंडर

सगळं नियोजन इथे टिकतं किंवा मोडतं. दिवाळी झाली की कुटुंबं उचल घेऊन भिवंडी, कल्याण आणि त्यापलीकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे सहा-सात महिने ती आपल्या नोंदवहीच्या हद्दीबाहेर.

म्हणून जुलै-ऑगस्टपासूनच मागे मोजत या. ज्यांना छाया हवी त्यांची सुरुवात जुलैत करा, म्हणजे ऑक्टोबरपासून आठवड्याला एकच गोळी उरते. एका पाकिटात आठ गोळ्या असतात, सात महिन्यांना चार पाकिटं पुरतात. निघताना चारही हातात द्या. ‘एवढी एकदम देता येत नाहीत’ असं कुणी म्हटलं तर त्यांना भट्टीवरच्या आशाताईंचं नाव विचारा. अंतरावाल्यांचा दुसरा डोस निघण्याच्या आठवड्यात दोन आठवडे आधीच्या सवलतीत बसतो का ते बघा. तरी फेब्रुवारी आणि मेचे डोस भट्टीवर द्यावे लागतात. ते देता येतील याची खात्री नसेल तर त्या बाईला तसं स्पष्ट सांगा आणि तांबीचा पर्याय समोर ठेवा. पुरवठ्याची गरज नसलेलं साधन भट्टीवर सगळ्यात टिकतं, पण निवड तिचीच.

ऑक्टोबरच्या अखेरीस जाणाऱ्या कुटुंबांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत भट्टी असलेल्या तालुक्याला द्या: नाव, भट्टीचं ठिकाण, साधन, पुढची तारीख. यादी फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातात राहील याची काळजी घ्या. तिथल्या आरोग्य केंद्राने महिन्यातून एक फेरी भट्ट्यांवर ठरवावी, शक्यतो खर्ची (खर्चाचे पैसे) मिळण्याच्या दिवशी, कारण त्या दिवशी काम लवकर आटोपतं. भट्टीवर विटा पाडायला पहाटेच्या आधीच सुरुवात होते. सकाळी दहाला गेलेलं पथक बायकांना ऐन कामात गाठतं. दुपार बरी.

भट्टीमालकाची परवानगी घ्या, पण बोलणं त्याच्या किंवा मुकादमाच्या समोर नको. खोपीला दार नसतं, म्हणून गाडीचा आडोसा किंवा कापडी पडदा सोबत न्या. मुलांचं लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी आणि कुटुंब नियोजन एकाच फेरीत करा, म्हणजे कोण कशासाठी आलं हे चारचौघांत कळत नाही.

पुरुष

१९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. ती भीती अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे आणि ती मुलांपर्यंत पोचली आहे. ‘गैरसमज’ म्हणून ती झटकू नका. त्या वेळी जबरदस्ती झाली होती हे मान्य करा, मग पुढे बोला.

बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि सुरक्षित आहे. त्याच दिवशी घरी जाता येतं, दोन दिवसांनी हलकं काम, आठवड्याने जड काम. पण परिणाम लगेच होत नाही: तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करायची. ही तपासणी राहिली आणि बायकोला दिवस गेले तर संशय तिच्यावर येतो, घरं मोडतात. तपासणीची तारीख ऑपरेशनच्या दिवशीच द्या आणि तिचा पाठपुरावा दुसऱ्या डोसच्या यादीतच ठेवा.

शासनाचा पुरुष नसबंदी पंधरवडा २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असतो. तोवर आपले पुरुष भट्टीवर गेलेले असतात. ११ जुलैपासूनचा लोकसंख्या पंधरवडा ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत येतो, चिखलात उभ्या माणसाला तेव्हा कोण बोलावणार? पंधरवडा साजरा करा, पण आपल्या तालुक्यासाठी आवणी संपल्यानंतरचे आणि भातकापणीच्या आधीचे आठवडे सर्जनकडून वेगळे मागून घ्या. बुडीत मजुरीचा भत्ता वेळेवर खात्यात पडेल हे पाहा, पण पैशाचं आमिष दाखवून कुणाला आणू नका.

ऑपरेशन

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांनंतर डझनाहून जास्त बायका दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिबिरपद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितली. तेव्हा ठरावीक वाराची सेवाच हवी. संमतिपत्र तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवा. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, हे कर्मचाऱ्यांनाही सांगावं लागतं. ४८ तासांच्या आत घरी भेट, सातव्या दिवशी टाके. बिघाड झाला किंवा ऑपरेशन फसलं तर नुकसानभरपाईची योजना आहे. कागद जपून ठेवायला सांगा, आणि दिवस राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत दावा भरायला तिला मदत करा.

वाडीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुली भेटतात. तिथे कायद्याने कळवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून आशाताईंना एकटं पाडू नका, डॉक्टरांनी सोबत राहावं. मुलीला तपासणी, सल्ला आणि औषध नाकारायचं मात्र नाही.

वर्षाअखेरीस काय मोजाल

नव्या लाभार्थींचा आकडा वर पाठवावाच लागतो. १९९६ पासून देशात उद्दिष्टमुक्त धोरण आहे, तरी विचारणा होते. आपल्या भिंतीवर मात्र दुसरे आकडे लावा. अंतराचा दुसरा डोस मुदतीत किती जणींना मिळाला. भट्टीवर किती डोस दिले गेले. कुठलं साधन किती दिवस संपलेलं होतं. तांबी काढायला आलेल्यांपैकी किती जणींची त्याच दिवशी काढली. पुरुष नसबंदीनंतर किती वीर्यतपासण्या झाल्या. आणि वाडीवार: एकही नोंद नसलेल्या वाड्या किती उरल्या.

जूनमध्ये कुटुंबं परतली की पहिल्या पंधरवड्यात घरोघर जाऊन नोंदवही पुन्हा भरा. कुणाचा डोस चुकला, कुणाला दिवस राहिले, कुणी साधन सोडलं आणि का, हे तिच्या शब्दांत लिहा. डोस चुकलेलीला रागावू नका. निश्चय संचाने तपासणी करा, दिवस नसतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा, आणि जुलैची छायाची पाकिटं आवणी सुरू होण्याआधी उपकेंद्रात येऊन पडली आहेत का ते त्याच आठवड्यात पाहा.